दुखणारा हात आणि दुखविणारे काम

(वर्धापन उत्सवानिमित्त देवस्थानच्या अग्रशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवातील भाषण म्हटले की वक्ता पुराणातील किंवा इतिहासातील एखादा विषय घेऊन उभा राहणार, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. मी मात्र आज स्नायू, सांधे आणि कंबर यांविषयी चार शब्द बोलणार आहे. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. आयुष्यभर कचेरीत खर्डेघाशी केलेला एक सेवानिवृत्त कारकून आहे. मग या विषयावर बोलण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असे कोणी विचारल्यास माझ्यापाशी एकच उत्तर आहे. हा विषय मला प्रथम माझ्या उजव्या हाताने शिकविला आणि पुढे माझ्याच घरातील दुसऱ्या एका हाताने अधिक नीट शिकविला. त्या दुसऱ्या हाताची हकीकत ओघात येईलच.

लिसेवात लॅटिनचे धडे गिरवीत असता 'लाबोर' हा शब्द आम्हांला भेटला. त्याचे अर्थ दोन: एक श्रम, दुसरा क्लेश. पोर्तुगीज भाषेत कामाला 'त्राबाल्यु' म्हणतात. तो शब्द तर 'त्रिपालियुम' नावाच्या तीन खुंटांच्या छळयंत्रावरून आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या काळी मला याची गंमत वाटली होती. आपली भाषा तरी कुठे निराळी आहे? आपण 'कष्ट' म्हणतो, तेव्हा त्यात श्रमही येतात आणि दुःखही येते. श्रम आणि वेदना या जुळ्या बहिणी आहेत, असे मानण्याची मनुष्यजातीला इतकी सवय झाली आहे की काम केले म्हणजे दुखणारच, किंबहुना दुखले नाही तर काम झालेच नाही, असे आपण धरून चालतो. भाषेने ज्यांची अशी गाठ मारली, ते शरीरात एकमेकांपासून वेगळे करता येतील की नाही, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम माझ्या हाताची गोष्ट सांगतो. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत, मार्च महिन्यात, हिशेबाचे वर्ष संपण्याच्या धांदलीत माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. आधी लेखणी धरताना, मग किल्ली फिरविताना, आणि शेवटी पाण्याचा पेला उचलतानाही. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूस वाकवायला सांगितले, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. अंगठ्याच्या स्नायुरज्जूंचे आवरण सुजले होते. स्वित्झर्लंडमधील द कर्व्हँ नावाच्या शस्त्रवैद्याने १८९५ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. मनगटाला पट्टी बांधण्यात आली, तीन आठवड्यांची रजा मिळाली, परतल्यावर वरिष्ठांनी जाड खतावण्यांचे काम दुसऱ्याकडे सोपविले. स्नेहीसोबती समाचाराला येऊन गेले. त्या तीन आठवड्यांत माझ्या सदऱ्याची बटणे सौभाग्यवती लावून देत असे, हे कृपया ध्यानात ठेवावे.

घरी बसल्या बसल्या वाचनात आले की कारकुनांचे हे दुखणे फार जुने आहे. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली मोडेना येथे निरनिराळ्या व्यवसायांतील रोगांवर लॅटिन भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, अशी तीन कारणे त्याने दिली. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला, म्हणून तो डाव्या हाताने लिहू लागला. काही काळाने डाव्याचीही तीच गत झाली, असे त्याने नमूद केले आहे. रोग्याला त्याचा धंदा विचारावा, हा या थोर वैद्याचा उपदेश. मला वाटते, या एका प्रश्नात अर्धे निदान सामावलेले आहे.

एवढे सगळे वाचूनही माझ्या डोळ्यांवरची झापड गेली नव्हती. ती गेली फार दूर, आदिलाबादला.

माझ्या मुलाची नोकरीनिमित्त तेथे बदली झाली आणि एक हिवाळा मी त्याच्याकडे काढला. मुदखेड-किनवटवरून रेल्वे तेथे जाते. पैनगंगेपलीकडचा हा मुलूख पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखाकडे आले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. राज्याच्या सीमा अशा हलल्या तरी माणसांची बोली हलली नाही. तेथील बाजारात तेलुगू, गोंडी, उर्दू यांच्याबरोबर मराठी इतकी सहज कानांवर पडते की आपण परमुलखात आलो आहो, याचा विसर पडावा.

तेथे काळी जमीन आणि कापसाचे पीक. आपण कोकणपट्टीची माणसे. भाताची लावणी आणि माडाची पाडणी आपल्याला ठाऊक, कापसाची वेचणी मी प्रथमच पाहिली. ती बहुतांशी बायकाच करतात. कमरेला कापडाची ओटी बांधलेली, मान खाली, पाठ वाकलेली आणि दोन्ही हात बोंडांवर चाललेले. सुकलेल्या बोंडांची टोके काट्यासारखी बोटांना टोचतात. ओटी भरत जाते तसतसा तिचा भार वाकलेल्या कमरेला खाली ओढीत राहतो. झाडाची उंची कधी गुडघ्याएवढी, कधी छातीएवढी. त्यामुळे सरळ उभे राहण्याची सोय नाही आणि खाली बसण्याचीही नाही. मजुरी किलोवर ठरलेली, म्हणून थांबलेला प्रत्येक क्षण म्हणजे बुडालेला पैसा. शिवाय सारी बोंडे एकाच वेळी फुटत नाहीत, त्यामुळे एका शेतातून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा वेचा घ्यावा लागतो. अर्थात ऑक्टोबरपासून संक्रांतीपर्यंत, कधी त्यापुढेही, ही वाकलेली पाठ काही सरळ होत नाही.

बांधावर भाकरी खायला बसलेल्या एका प्रौढ बाईंना मी सहज विचारले, "बाई, पाठ दुखत नाही का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दुखल्याबिगर काम झालं असं कसं म्हनावं, बाबा?"

लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दकोशांनी मला जे सांगितले होते, तेच त्या माउलीने एका वाक्यात सांगितले. फरक इतकाच की शब्दकोश वाचताना मला गंमत वाटली होती, आणि त्या बांधावर मात्र मान वर करवेना.

पुढे काही दिवसांनी निर्मळला जाण्याचा योग आला. निर्मळ हे आता स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. लाकडी रंगीत खेळण्यांसाठी त्याची ख्याती आहे. पण त्या भागातील पुष्कळशा घरांची चूल चालते ती बिड्यांवर. ओसरीवर बायका मांडी घालून बसतात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवलेली तेंदूची पाने. पान मापाने कातरायचे, तंबाखू पसरायची, वळायचे, दोऱ्याने बांधायचे, टोक दुमडून बंद करायचे. कारकुनाच्या सवयीने मी मनाशी हिशेब केला. एका बिडीला अवघ्या पाच हालचाली धरल्या तरी हजार बिड्यांना पाच हजार झाल्या; आणि मजुरी तर हजारावरच मोजतात. बिडी कामगारांसाठी संसदेने १९६६ साली स्वतंत्र कायदा केला, १९७६ साली कल्याणनिधीचाही कायदा झाला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु काम घरच्या ओसरीवर चालते, मध्येच चूल, मध्येच मूल, आणि रात्री पुन्हा दिव्याखाली सूप. तेथे कामाचे तास मोजणारे घड्याळ कोण लावणार?

त्या ओसरीवर एका बाईंनी सांगितले की रात्री त्यांचा हात मेल्यासारखा होतो, मुंग्या येतात, जाग येते; मग उठून हात झटकावा लागतो, तेव्हा कुठे तो जिवंत होतो. हे सांगताना त्यांनी हात झटकून दाखविला.

बंधुभगिनींनो, तो हात झटकण्याचा आविर्भाव मी ओळखला. तो मी माझ्या घरात, माझ्या शेजारी, कितीतरी वर्षे रात्री पाहत आलो होतो. "अहो, हात मेल्यासारखा होतो," हे नेमके शब्द मी ऐकले होते. आणि "वयोमानाने व्हायचेच, वाताचा प्रकार आहे, तेल चोळून झोप," हे उत्तर मी दिले होते. माझ्या अंगठ्यासाठी डॉक्टर, पट्टी आणि तीन आठवड्यांची रजा. नारळ खवणाऱ्या, पिळे पिळणाऱ्या, वाटण वाटणाऱ्या हातासाठी खोबरेल तेल! आपल्या घरातील दुखणे ओळखण्यासाठी मला एवढी लांबची वाट चालावी लागली, याची आज या सभेत कबुली देतो.

परत आल्यावर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे समजावून दिले ते आपणा सर्वांच्या उपयोगी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मनगटाच्या पुढच्या बाजूस हाडांची एक कमान आहे आणि तिच्यावर चिवट बंधाचे छत आहे. त्या चिंचोळ्या बोगद्यातून बोटे मिटविणारे नऊ स्नायुरज्जू जातात आणि त्यांच्याच दाटीत एक मज्जातंतू जातो. विहिरीचा दोर रहाटावर रात्रंदिवस घासत राहिला तर दोरही झिजतो आणि चाकही तापते, तद्वत मनगट वाकवून, जोर लावून, तीच ती हालचाल वर्षानुवर्षे केली की आवरणे सुजतात. बोगदा तर वाढत नाही. मग चेपला जातो तो बिचारा मज्जातंतू. म्हणून अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. करंगळी सहसा वाचते. मधुमेह, थायरॉइडचे विकार, गरोदरपण यांमुळेही असे होऊ शकते, तेव्हा सारा दोष कामावर घालणे शास्त्राला धरून होणार नाही. पण जेथे हे नसेल तेथे, आणि असेल तेथेही, काम काय करता, हे विचारलेच पाहिजे. वेळीच आले तर पट्टीने, विश्रांतीने, फार तर लहानशा शस्त्रक्रियेने आराम पडतो. आम्ही वेळीच गेलो नव्हतो. अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग खंगला होता. शस्त्रक्रियेने रात्रीच्या मुंग्या थांबल्या, पण बोटांची गेलेली जाणीव पुरती परत आली नाही. या देवळात उत्सवाच्या फुलांच्या माळा ज्या हाताने वर्षानुवर्षे गुंफल्या, त्या हाताला आज दोरा लागत नाही. माझ्या सदऱ्याची बटणे लावणारा तो हात. आता तिची बटणे मी लावतो.

आता थोडे कारणांविषयी बोलतो. या सर्व विकारांचे मूळ चार गोष्टींत आहे: एकच हालचाल वारंवार करणे, अधिक जोर लावणे, अवघडलेल्या स्थितीत राहणे आणि विश्रांतीचा अभाव. यांपैकी एक असेल तर शरीर निभावून नेते. दोन-तीन एकत्र आल्या की तक्रार सुरू होते. अनेकांना वाटते की हालचालीनेच स्नायू थकतात. वस्तुतः एका स्थितीत ताठ राहिलेला स्नायू स्वतःचाच रक्तपुरवठा दाबून टाकतो आणि अधिक लवकर थकतो. कापूस वेचणाऱ्या बाईची पाठ आणि दिवसभर टेबलाशी मान वाकवून बसलेल्या कारकुनाची मान, यांचे दुखणे या अर्थाने सख्खे आहे. आमची नातवंडे दूरध्वनीच्या पडद्यावर अंगठे नाचवीत तासन्तास मान खाली घालून बसतात. त्यांनीही हे ऐकून ठेवावे. वजन उचलण्याचे म्हणाल, तर तरफेचा नियम शाळेत सर्वजण शिकले आहेत. तोच हंडा छातीशी धरून उचलला आणि हात लांब करून, कमरेतून वाकून उचलला, तर वजन तेवढेच असूनही पाठीच्या कण्यावरील भार दुसऱ्या प्रकारात कितीतरी पट होतो. कंबर भरते ती बहुधा वजनाने नव्हे, वजनाच्या अंतराने.

आणि हे केवळ आमच्या घरचे रडगाणे नाही. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली व्यवसायजन्य रोगांची सुधारित यादी प्रसिद्ध केली. तीत मनगटाच्या स्नायुरज्जूंची सूज, कोपराचे दुखणे, मी वर्णन केलेला मनगटाच्या बोगद्याचा विकार, तसेच गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून दीर्घकाळ काम केल्याने गुडघ्यातील कूर्चेला होणारी इजा, यांचा नावानिशी समावेश आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिले गेले होते की इजा होईल इतके ओझे कोणत्याही कामगाराला उचलायला लावू नये. पण कारखान्याचा कायदा शेताच्या बांधावर पोचत नाही, ओसरीवर पोचत नाही आणि आपल्या स्वयंपाकघरात तर मुळीच पोचत नाही. जेथे कायदा पोचत नाही तेथे माणसाच्या विवेकाने पोचले पाहिजे.

म्हणून आता आपल्या दारी येतो. उत्सवाच्या महाप्रसादासाठी या अग्रशाळेत शेकडो नारळ खवले जातात. ते कोण खवते? ठरावीक चारपाच बायका, जमिनीवरच्या विळीवर, गुडघा दुमडून, पहाटेपासून. भाताची तपेली चुलीवरून कोण उतरविते? तेच दोघे आचारी, ज्यांच्या कमरेचे दुखणे आपण त्यांच्या चालण्यातून ओळखतो आणि कधी विचारीत नाही. पालखीला एकाच उंचीचे गडी मिळाले नाहीत तर सारा भार उंच माणसाच्या खांद्यावर येतो, हेही आपण पाहतो. हे सर्व श्रद्धेने करतात आणि म्हणूनच कोणी तक्रार करीत नाही. पण श्रद्धेने केलेल्या कामाने सांधा कमी झिजत नाही. सेवा ही देहाने होते, तेव्हा तो देह राखणे हाही सेवेचाच भाग मानला पाहिजे.

माझ्या सूचना साध्या आहेत. स्वयंपाकघरात उभे राहून काम करता येईल असा, सुमारे कोपराच्या उंचीहून किंचित खाली येणारा ओटा बांधावा. त्यावर पक्की बसविता येईल अशी खवणी, शक्य तर विजेवर चालणारी, आणावी. एका व्यक्तीने अर्ध्या तासाहून अधिक सलग खवू नये. पाळी बांधून द्यावी आणि त्या पाळीत पुरुष महाजनांचीही नावे असावीत. मोठ्या तपेल्यांऐवजी दोघांना दोन कानांनी उचलता येतील अशी मध्यम भांडी घ्यावी. पाणी कळशांनी न वाहता नळीने चुलीपर्यंत आणावे. पालखीचे गडी उंची पाहून जोडावे, खांद्याला जाड गादी द्यावी आणि वाटेत खांदा बदलण्याची ठिकाणे ठरवून ठेवावी.

घरोघरी पाळण्यासारखेही थोडे आहे. एका बैठकीत फार वेळ राहू नये. मोठ्या विश्रांतीची वाट न पाहता लहान लहान विश्रांती वारंवार घ्यावी. ओझे अंगाशी धरावे, उचलताना कमरेऐवजी गुडघे वाकवावे. हातपायांत बधिरपणा, रात्रीच्या मुंग्या, वस्तू हातून निसटणे, किंवा दोनतीन आठवड्यांत न ओसरणारे दुखणे असल्यास डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्महिने घेऊ नयेत. त्यांनी दुखणे झाकले जाते, बरे होत नाही, शिवाय पोट आणि मूत्रपिंड यांना अपाय होतो. आणि घरातील कोणी "हात दुखतो" म्हणाले, तर वयाचा दाखला देण्यापूर्वी रामाझ्झिनीचा प्रश्न विचारावा: या हाताला दिवसभर काम कोणते असते?

आदिलाबादच्या त्या बांधावरील माउलीला मी त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. आज द्यायचे झाले तर मी एवढेच म्हणेन की बाई, काम झाले हे ओटीतल्या कापसावरून कळते. त्यासाठी पाठीची साक्ष नको. पण हे उत्तर तिला देण्यापूर्वी आपण आपल्या स्वयंपाकघरात खरे करून दाखविले पाहिजे. एरव्ही ते नुसते शब्द होत. तेव्हा ओट्याचे काम पुढील उत्सवापूर्वी पुरे व्हावे, अशी समितीस नम्र विनंती करतो आणि त्या खर्चातील माझा वाटा आजच अध्यक्षमहाशयांच्या स्वाधीन करतो. खवणाऱ्यांच्या पाळीत पहिले नाव माझे लिहावे. अंगठा आता बरा आहे.